निकाल लागेपर्यंत घर कशावर चालायचे?

नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सप्टेंबर २०१३ मध्ये एका आईने स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी पोटगीचा अर्ज दाखल केला. मूळ अर्जाचा निकाल लागायला वेळ जाणार, तोवर महिन्याला काही रक्कम सुरू व्हावी, एवढीच तिची तातडीची मागणी होती. अशा मागणीचा निर्णय शक्यतो साठ दिवसांत व्हावा, असे कायदा सांगतो. आदेश निघाला ऑगस्ट २०१५ मध्ये. पत्नीला महिना १५,००० रुपये, मुलाला आधी ५,००० आणि पुढे १०,०००. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला आणि २०१८ मध्ये हरला. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला, तोवर ते तान्हे मूल शाळेत जाण्याच्या वयाचे झाले होते. आणि सात वर्षे चाललेले हे सगळे भांडण होते ते ‘अंतरिम’, म्हणजे तात्पुरत्या रकमेचे.

‘रजनीश विरुद्ध नेहा’ या नावाने वकिली जगात ओळखला जाणारा हा निकाल आज देशातल्या प्रत्येक पोटगी अर्जाच्या मागे उभा असतो. त्याबद्दल पुढे येईलच. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. घटस्फोटाच्या दाव्यात लोकांचे लक्ष शेवटच्या निकालाकडे असते, कोण जिंकले आणि एकरकमी किती ठरले याकडे. माझ्या मते खरी लढाई अंतरिम पोटगीचीच असते. दावा चार-सहा वर्षे चालणार असेल, तर त्या काळात घरभाडे, किराणा, मुलांची फी आणि वकिलाची फी कुठून येणार यावरच दावा शेवटपर्यंत लढवता येईल की मिळेल त्यावर सही करून मोकळे व्हावे लागेल, हे ठरते. ज्याच्या हातात पैसा आहे त्याला वाट पाहणे परवडते. दोघांतली ही तफावत थोडी कमी व्हावी, म्हणून कायद्याने ही सोय केली आहे.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातले कलम २४ या सोयीचा मुख्य दरवाजा. घटस्फोट, न्यायिक विभक्तता, नांदायला येण्याची मागणी किंवा विवाह रद्द करण्याची मागणी, यांपैकी कोणतेही प्रकरण चालू असताना ज्या पक्षाकडे स्वतःच्या निर्वाहासाठी आणि दाव्याच्या आवश्यक खर्चासाठी पुरेसे स्वतंत्र उत्पन्न नाही, त्याला दुसऱ्या पक्षाने दरमहा रक्कम आणि दाव्याचा खर्च द्यावा, असा आदेश न्यायालय करू शकते. यात दोन गोष्टी नजरेतून सुटतात. पहिली, दाव्याचा खर्च. पुष्कळ अर्जांत तो मागितलेलाच नसतो, किंवा मागायचा म्हणून एक ओळ लिहून सोडून दिलेला असतो. दुसरी, कलमात ‘पत्नी किंवा पती’ असे दोन्ही शब्द आहेत. त्याविषयी नंतर बोलू.

या कलमावर निर्णय देताना दोष कोणाचा, याचा निवाडा होत नसतो. तो मूळ दाव्याचा विषय. इथे न्यायाधीशाला बघायचे असते ते एवढेच की कोणाकडे किती आहे आणि कोणाला किती लागते. म्हणून अंतरिम अर्जात सासूने काय टोमणे मारले किंवा बायको माहेरी किती वेळा गेली, याची पाच-पाच पाने खर्ची घालणाऱ्यांचे मला नवल वाटते. त्या पानांनी रकमेत फारसा फरक पडत नाही. लग्नच मुळात कायदेशीर नव्हते, असा बचावही इथे सहजी चालत नाही. विवाह अवैध ठरण्याजोगा असला तरी दावा चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरा दरवाजा फौजदारी प्रक्रियेतला. जुन्या संहितेचे कलम १२५. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ते कलम १४४ झाले, पण कोर्टाच्या आवारात अजून सगळे ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. यासाठी घटस्फोटाचा दावा असावाच लागतो असे नाही. धर्मही आड येत नाही. शाहबानो प्रकरणात १९८५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हे कलम खुले आहे. जिथे कुटुंब न्यायालय आहे तिथे हा अर्ज त्याच्याकडे जातो, नसेल तिथे न्यायदंडाधिकाऱ्याकडे. या कलमात अंतरिम रकमेचा शब्दही पूर्वी नव्हता. मूळ अर्जाचा निकाल लागेपर्यंत उपाशी राहायचे असेल तर ती पोटगी काय कामाची, हा साधा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांना तो अधिकार असल्याचे मानले, आणि संसदेने २००१ मध्ये ते कायद्यात लिहिले. १९७३ च्या संहितेत महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती, तीही त्याच दुरुस्तीत गेली. मात्र या दरवाजाला काही अटी आहेत. पत्नी पुरेशा कारणाशिवाय नांदायला नकार देत असेल, किंवा दोघे परस्परसंमतीने वेगळे राहत असतील, तर इथे पोटगी नाकारता येते. तिने नांदायला यावे असा हुकूमनामा नवऱ्याने मिळवला आणि ती गेली नाही, म्हणून तिची पोटगी आपोआप बुडते का? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की नाही, न जाण्याचे कारण काय ते तपासावे लागेल. मुंबईत १८८७ मध्ये रखमाबाईंना ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा’ असा हुकूम झाला होता आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली होती. हे आठवले की त्या उत्तराला इतकी वर्षे का लागली, असा प्रश्न पडतो.

तिसरा दरवाजा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा, बोलीत ‘डीव्ही’. हा फक्त स्त्रियांसाठी. पोटगीबरोबर राहत्या घरात राहण्याचा हक्क, वैद्यकीय खर्च, नुकसानभरपाई हे सगळे एकाच अर्जात मागता येते, आणि कलम २३ खाली समोरचा हजर होण्याआधीही एकतर्फी अंतरिम आदेश होऊ शकतो. घराबाहेर काढले गेले असेल, किंवा डोक्यावरचे छप्परच वादात असेल, तर हा मार्ग जास्त उपयोगी ठरतो.

हे दरवाजे एकाच वेळी ठोठावता येतात. तिन्हीकडून वेगवेगळी रक्कम मात्र खिशात पडत नाही. एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी वळती होते, आणि आधीचा आदेश नंतरच्या न्यायालयाला सांगणे अर्जदारावर बंधनकारक आहे. लपवला आणि नंतर उघड झाला, तर रकमेपेक्षा विश्वासाचे नुकसान मोठे होते.

बाकीच्या विवाह कायद्यांचा पट थोडा वेगळा. नोंदणी विवाह करणाऱ्यांच्या विशेष विवाह कायद्यात कलम ३६ आहे, पण ते फक्त पत्नीसाठी. ख्रिस्ती विवाहांना लागू होणाऱ्या १८६९ च्या कायद्यातही अंतरिम पोटगी पत्नीलाच मिळते. त्यात २००१ पर्यंत एक गमतीची मर्यादा होती: ही रक्कम नवऱ्याच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून जास्त असता कामा नये. विसाव्या शतकाचा शेवट आला तरी मुंबईतल्या एखाद्या ख्रिस्ती बाईचा महिन्याचा हिशेब व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या त्या अपूर्णांकावर बेतला जात होता. पारशी विवाह कायद्यात आज पती-पत्नी दोघांनाही मागता येते. मुस्लिम स्त्रीने १९३९ च्या कायद्याखाली घटस्फोट मागितला, तर त्या कायद्यात दावा चालू असतानाच्या पोटगीची तरतूदच नाही, म्हणून तिला कलम १४४ किंवा डीव्हीकडे जावे लागते. गोव्यात हिंदू विवाह कायदाच लागू नाही. तिथला कुटुंब कायदा पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे आणि बहुतेक विवाहांत दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे गोव्यातल्या भांडणाचा भर मालमत्तेची यादी आणि अर्धा वाटा यांवर असतो. महिन्याच्या निर्वाहासाठी कलम १४४ आणि डीव्ही कायदा मात्र तिथेही आहेत.

आता मुख्य प्रश्न: रक्कम ठरते कशी?

भारतात यासाठी सूत्र नाही. नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम योग्य मानता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात म्हटले. तेव्हापासून पंचवीस टक्के हाच जणू नियम असल्यासारखे लोक बोलतात. तो नियम नाही, त्या प्रकरणातला अंदाज आहे. लहान मुले आणि वृद्ध आई-वडील यांचा भार कोणावर आहे, दोघांच्या राहणीमानाची पातळी काय होती, पत्नीने लग्नासाठी किंवा मुलांसाठी नोकरी सोडली होती का, तिचे शिक्षण काय, स्वतःचे उत्पन्न किती, कर्जे कोणती, हे सगळे तोलून आकडा काढायचा असतो.

सूत्र असते तर? एक उदाहरण मराठी माणसांच्या ओळखीतले आहे. सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो ही गावे कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत येतात, आणि तिथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या न्यायालयाचा तात्पुरत्या पोटगीचा मार्गदर्शक हिशेब साधारण असा: देणाऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाचे ४० टक्के, त्यातून घेणाऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाचे ५० टक्के वजा. एकाची निव्वळ मिळकत महिना १०,००० डॉलर आणि दुसऱ्याची २,००० असेल, तर ४,००० वजा १,०००, म्हणजे ३,००० डॉलर. मुलांच्या खर्चाचा हिशेब वेगळा. न्यूयॉर्क राज्यानेही २०१० पासून तात्पुरत्या रकमेसाठी सूत्र घातले आहे. अशा पद्धतीत अन्याय होऊ शकतो, पण आकडा साधारण किती येईल हे दोघांनाही पहिल्या दिवशीच कळते, त्यामुळे भांडायला फारसे काही उरत नाही. आपल्याकडे पुण्यात आणि परभणीत सारख्या पगाराच्या नवऱ्यांना वेगवेगळे आकडे पडतात, आणि अनिश्चितता आहे म्हणून प्रत्येक जण एकदा नशीब आजमावतो. मला विचाराल तर निदान अंतरिम टप्प्यासाठी तरी एखादे ढोबळ सूत्र असायला हवे. मात्र आपल्याकडे ज्यांचे उत्पन्न पगारपत्रकावर दिसते ते थोडे आणि ज्यांचे दिसत नाही ते फार, त्यामुळे सूत्रात घालायचा आकडाच मुळात सापडत नाही, हेही खरे.

हा सापडत नसलेला आकडा शोधण्यासाठीच २०२० च्या निकालाने मालमत्ता आणि दायित्वांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. तोवर चाललेला खेळ सगळ्यांच्या परिचयाचा होता. पत्नीच्या अर्जात नवरा महिना दोन लाख कमावणारा. नवऱ्याच्या म्हणण्यात तोच माणूस भावाच्या दुकानात दहा हजारांवर काम करणारा, आणि पत्नी मात्र शिवणकाम आणि शिकवण्यांतून तीस हजार मिळवणारी. दोन अतिशयोक्तींच्या मधोमध कुठेतरी न्यायाधीश अंदाजाने रेघ मारत. आता दोघांनाही ठरलेल्या नमुन्यात शपथेवर लिहून द्यावे लागते: शिक्षण, नोकरी, पगार, भत्ते, बँक खाती, ठेवी, विमा, शेअर, घरे, वाहने, दागिने, कर्जे, मुलांचा खर्च, स्वतःचा महिन्याचा खर्च. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात जमीन किती, जिरायत की बागायत, पिके कोणती, दुभती जनावरे आहेत का, जोडधंदा काय, असे विचारलेले आहे. आपल्याकडे इथे सातबारा बोलू लागतो. जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे, हे कारण मात्र ग्रामीण भागातल्या प्रतिज्ञापत्रांत हमखास भेटते. तेव्हा ऊस कोणाच्या नावाने कारखान्याला जातो आणि दुधाचे पैसे कोणाच्या खात्यात येतात, हे दाखवणारा कागद सातबाऱ्याइतकाच कामाचा ठरतो.

समोरच्याने आपले म्हणणे आणि प्रतिज्ञापत्र चार आठवड्यांत द्यायचे. टाळाटाळीसाठी दोनहून जास्त तारखा नाहीत. जाणूनबुजून वेळ काढला, तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. प्रतिज्ञापत्रे आल्यावर कुटुंब न्यायालयाने चार ते सहा महिन्यांत अंतरिम अर्ज निकाली काढावा, असेही त्या निकालात आहे. साठ दिवसांचा कायदा असताना चार ते सहा महिने म्हणजे मुदत वाढलीच की, असे कोणी म्हणेल. पण ते साठ दिवस नोटीस बजावल्यापासून मोजायचे असतात, आणि नोटीस ‘घर बंद’ किंवा ‘या पत्त्यावर राहत नाही’ असे शेरे घेऊन परत येत राहते. म्हणून अर्जात नवऱ्याचा घरचा, नोकरीचा आणि माहीत असेल तर आई-वडिलांचाही पत्ता देणे, ही बारीक वाटणारी गोष्ट महिने वाचवते.

अंतरिम टप्प्यावर साक्षीपुरावा होत नाही, उलटतपास नाही. कागदावरच आदेश होतो. म्हणून कागद जमवण्याची वेळ अर्ज करण्याच्या आधीची असते. एकत्र राहतानाच नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या, प्राप्तिकर विवरणपत्र, गाडीच्या हप्त्याचा करार, मुलांच्या फीच्या पावत्या, सोसायटीच्या देखभालीची बिले यांच्या प्रती हाताशी असतील तर पुढची अर्धी लढाई सोपी होते. कोणताच कागद नसेल तर राहणीमान बोलते: घर कुठे आहे, मुले कोणत्या शाळेत आहेत, सहली कुठे झाल्या. व्यवसाय करणाऱ्या माणसाने विवरणपत्रात चार लाख दाखवायचे आणि हप्ताच चाळीस हजारांचा भरायचा, ही विसंगती न्यायाधीशांच्या नजरेतून सुटत नाही.

नवऱ्याच्या बाजूनेही एक गैरसमज पक्का असतो. पगारातून गृहकर्जाचा हप्ता, गाडीचा हप्ता, सोसायटीचे कर्ज, विम्याचे हप्ते वजा करून हातात येतो तेवढाच आपला पगार, असे त्याला वाटते. न्यायालये प्राप्तिकर आणि भविष्यनिर्वाह निधीची सक्तीची कपात मान्य करतात. आपल्या इच्छेने घेतलेल्या कर्जाचे हप्ते मात्र पोटगीच्या आधी धरत नाहीत, कारण त्यातून बहुतेक वेळा त्याचीच मालमत्ता उभी राहत असते. दावा दाखल झाल्यावर घेतलेले कर्ज तर अधिकच संशयाने पाहिले जाते. नोकरी गेल्याचे सांगितले तरी काम संपत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनतीने का होईना कमवून बायकामुलांना पोसले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावले आहे. खरोखर परिस्थिती पालटली असेल, तर पुरावा देऊन रक्कम कमी करून मागण्याचा मार्ग खुला आहे. न भरता गप्प बसणे हा मार्ग नव्हे.

शिकलेल्या आणि कमावणाऱ्या पत्नीचे काय? सगळ्यात जास्त वाद इथे आहे. पत्नी कमवू शकते आणि पत्नी कमावते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. हातात पदवी आहे म्हणून पोटगी नाकारता येत नाही. ती कमावतच असेल तरी प्रश्न संपत नाही. ते उत्पन्न तिला पूर्वीच्या राहणीमानाच्या जवळपास जगायला पुरते का, हे पाहावे लागते. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तुटपुंज्या पगारावर शिकवणाऱ्या एका शिक्षिकेची महिना १५,००० रुपयांची अंतरिम पोटगी कायम ठेवली, ती याच विचाराने. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने परदेशात शिकलेल्या, पूर्वी नोकरी केलेल्या एका पत्नीला मात्र अंतरिम पोटगी नाकारली, कारण कमवण्याची क्षमता असूनही रिकामे बसणे कायद्याला अभिप्रेत नाही. दोन्ही निकाल एकमेकांना छेद देतात असे मला वाटत नाही. दहा वर्षे घर सांभाळून बसलेल्या, शाळेतल्या मुलाला एकटीने वाढवणाऱ्या बाईची पदवी आणि कालपर्यंत नोकरी करणाऱ्या, मूल नसलेल्या बाईची पदवी, यांची बाजारातली किंमत एक नाही. ज्या बाईने नोकरीसाठी अर्ज केले, मुलाखती दिल्या आणि मिळाली नाही, तिने ते ईमेल जपून ठेवावेत. त्यांचा उपयोग होतो. आणि नोकरी आहे पण लपवली, तर भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी आणि बँकेचा उतारा ते उघडे पाडतात. शपथेवर खोटे लिहिणे हा फौजदारी गुन्हा आहे, दोघांसाठीही.

पत्नीकडून पोटगी मागणाऱ्या पतीची प्रकरणे थोडी, पण काल्पनिक नव्हेत. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शिक्षिका असलेल्या एका पत्नीने पूर्वीच्या पतीला महिना ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा नांदेडच्या न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. घटस्फोट २०१५ मध्येच झाला होता. थकबाकीपोटी तिच्या पगारातून दरमहा ५,००० रुपये कापून घ्यावेत, असे शाळेला कळवण्यात आले होते. बातमी आली तेव्हा समाजमाध्यमांवर कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नाके मुरडली. मला तरी त्यात धक्का बसण्यासारखे काही दिसले नाही. कलमातला ‘किंवा पती’ हा शब्द १९५५ पासून तिथे आहे.

परदेशात स्थायिक झालेल्या जोडप्यांत आणखी एक पेच असतो. नवरा न्यू जर्सीत, पत्नी मुलासह पुण्यात परतलेली, आणि घटस्फोटाचा दावा त्याने तिकडे दाखल केलेला. इथे हिंदू विवाह कायद्याखाली प्रकरण चालू नसेल, तर कलम २४ वापरता येत नाही. पण पत्नी जिथे राहते तिथल्या न्यायालयात कलम १४४ किंवा डीव्हीचा अर्ज तिला करता येतो. तात्पुरती माहेरी राहत असली तरीही. २००३ पासून ती स्वतः राहते तिथे हिंदू विवाह कायद्याखालची याचिकाही दाखल करू शकते. त्याच्या डॉलरमधल्या पगाराचा रुपयांत सरळ गुणाकार करून मागणी करणे मात्र टिकत नाही, कारण त्याचा तिकडचा खर्चही डॉलरमध्येच असतो. तिचा खर्च पुण्याच्या भावाने आणि पूर्वीच्या राहणीमानाच्या बेताने दाखवावा.

पैसे नाहीत म्हणून पोटगीचा अर्ज करता येत नाही, हा विचित्र पेच सोडवण्याची सोय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते. महाराष्ट्र सरकारने १९९४ मध्ये पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट यांच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ केले आहे. कुटुंब न्यायालयात वकील लावणे हा तर पक्षकाराचा हक्कही नाही. १९८४ च्या कायद्याची कल्पना अशी की माणसाने आपली गोष्ट स्वतः सांगावी. प्रत्यक्षात बहुतेकांना वकिलाची परवानगी मिळते आणि बहुतेक जण ती घेतातच.

आदेश हातात आला तरी पैसे हातात येतीलच असे नाही. आधी तारीख. पोटगी कधीपासून मोजायची याचा घोळ २०२० पर्यंत चालू होता. काही न्यायालये आदेशाच्या तारखेपासून द्यायची, काही अर्जाच्या. आता सर्वत्र अर्जाच्या तारखेपासून. त्यामुळे वेळ काढण्यातला नवऱ्याचा फायदा संपला, आणि थकबाकीचा आकडा पहिल्याच दिवशी लाखांत जाऊ लागला. कुटुंब न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर अपील चालत नाही. उच्च न्यायालयात रिट करावी लागते, आणि नुसती रिट दाखल केल्याने वसुली थांबत नाही.

वसुलीसाठी कलम १४४ खालचा आदेश सर्वांत धारदार. प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. पण त्या वॉरंटसाठी रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देईल पुढच्या महिन्यात’ म्हणत तीन वर्षे थांबणाऱ्या बाईच्या हातून हे हत्यार निसटते. डीव्ही कायद्याखाली न्यायदंडाधिकारी थेट नवऱ्याच्या मालकाला पगारातून रक्कम कापून पत्नीच्या खात्यात भरायला सांगू शकतात. दिवाणी मार्गाने दरखास्त करून पगार जप्त करायचा झाला, तर पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांश भाग तेवढा जप्तीतून वाचतो. इतर देण्यांच्या तुलनेत हे फार कडक आहे. घटस्फोट मागणारा नवराच थकबाकीदार असेल, तर न्यायालय त्याचा मूळ दावा थकबाकी भरेपर्यंत थांबवूनही ठेवते. पुष्कळदा वॉरंटपेक्षा याचाच परिणाम लवकर दिसतो, विशेषतः त्याला दुसऱ्या लग्नाची घाई असली तर.

कलम २४ चा आदेश मूळ प्रकरणाबरोबर संपतो. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला, किंवा अर्ज फेटाळला गेला, की पुढच्या महिन्यापासून त्या आदेशाखाली काही मिळत नाही. तोवरची थकबाकी मात्र वसूल करता येते. कायमच्या पोटगीसाठी कलम २५ खाली वेगळी मागणी लागते. ती निकालाच्या वेळी करता येते, नंतरही करता येते, पण अंतिम युक्तिवादाच्या आधीच अर्ज नोंदवलेला असेल तर मधल्या महिन्यांचा खड्डा पडत नाही. मुलांसाठीची मागणी कलम २६ खाली स्वतंत्रपणे नोंदवावी, म्हणजे आईच्या रकमेचे काहीही झाले तरी शाळेची फी त्यात अडकत नाही.